कॅप बसवली, तरी दाढ सुजते

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ४७ वर्षांची, कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे, गोळ्या सुरू आहेत. गेल्या डिसेंबरात खालची डावी दाढ फार ठणकली, गाल सुजला. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, मुळाशी काळं दिसतंय, रूट कॅनल करावं लागेल. तीन सीटिंगमध्ये ते झालं. कॅप लगेच बसवायला सांगितली होती, पण घरात पुतणीचं लग्न निघालं, पैशांची ओढाताण झाली आणि कॅप मार्चअखेर बसली. मधे तात्पुरतं सिमेंट दोनदा निघालं, एकदा तर आठ-दहा दिवस तसंच राहिलं. कॅप झिर्कोनियाची आहे, वॉरंटी कार्डही मिळालंय.

कॅप बसल्या दिवसापासून त्या बाजूनं भाकरी चावली की कळ येते. डॉक्टर म्हणाले, होईल सवय. मे महिन्याच्या शेवटी हिरडी सुजली. मेडिकलवाल्यानं पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली. आता पुन्हा आलीय. दाढेखाली हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुटकुळी आहे, दाबली की खारट पाणी येतं. दुखणं मात्र पहिल्यापेक्षा कमी आहे. रूट कॅनलमध्ये नस काढून टाकतात, मग दाढ दुखते कशी? त्याच गोळ्या परत घेऊ का? कॅप काढावी लागली तर सगळे पैसे वायाच ना? जाऊबाई म्हणतात, काढून टाक एकदाची. मिस्टर म्हणतात, डॉक्टर बदल. आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत थांबलं तर चालेल का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. गणपतीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात दाखवा. शनिवारी सकाळची शाळा असेल तर त्या दुपारची वेळ घ्या. दुखणं कमी झालंय म्हणून तुम्हाला जरा हायसं वाटतंय, ते पत्रातून कळतं. पण पुटकुळी आल्यावर ठणका थांबतो तो दाढ बरी झाली म्हणून थांबत नाही. मुळाशी साठलेल्या पुवाला बाहेर पडायला वाट सापडली, आतला दाब उतरला, एवढंच झालं. ते खारट पाणी म्हणजे पूच.

शनिवारपर्यंतही थांबायचं नाही, अशी काही लक्षणं आहेत. ती घरच्यांनाही सांगून ठेवा. थंडी वाजून ताप आला, सूज जबड्याच्या कडेवरून खाली गळ्याकडे उतरू लागली, तोंडात उभी दोन बोटं जाण्याइतकंही तोंड उघडेना, थुंकी गिळायला त्रास व्हायला लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, आवाज बदलला किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडायला लागला, तर रात्र असली तरी निघायचं. तेही दाताच्या दवाखान्यात नाही, तर आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात, जिथे जबड्याचे सर्जन येतात. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागेत उतरला की श्वासाची वाट दाबली जाते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ मध्ये या सुजेचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं ती आजही ओळखली जाते. क्वचित होतं हे, पण साखर ताब्यात नसलेल्या माणसात जास्त वेगानं पसरतं, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगितलं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही.

आता नस काढल्यावर दुखतं कसं, ते. रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढतात. बाहेरच्या तिथेच असतात. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, आणि त्यात भरपूर नसा असतात. भातातला खडा दाताखाली येताक्षणी कळतो तो या थरामुळे. म्हणून रूट कॅनल झालेल्या दाढेला गार-गरम कळत नाही, पण दाब कळतो, सूज कळते. (गार पाण्यानं अजूनही सणक जात असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक तर ती शेजारच्या दाताची असते, नाहीतर दाढेतली एखादी नळी साफ करायची राहून गेलेली असते.)

रूट कॅनल झाल्यावर तीन-चार दिवस, फार तर आठवडाभर, चावताना दाढ हुळहुळणं नेहमीचं आहे. फाइली, म्हणजे आतून साफ करायच्या बारीक सुया, आणि औषधं मुळाच्या टोकापर्यंत जाऊन आलेली असतात, तिथला थर थोडा चिडतोच. मी पेशंटना ‘किती दुखतं’ हे फारसं विचारत नाही. प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. मी विचारते, कधी सुरू झालं, कशानं वाढतं, आणि कालच्यापेक्षा आज उतरतीला आहे की चढतीला. दाढेचं अर्धं निदान या तीन उत्तरांत असतं.

तुमच्या पत्राला हेच प्रश्न लावले तर दोन वेगळ्या तक्रारी दिसतात आणि त्या एकत्र झाल्यामुळे घोळ झालाय. चावताना येणारी कळ कॅप बसल्या दिवसापासून आहे. सूज आली दोन महिन्यांनी.

पहिलीचं कारण बहुधा अगदी साधं आहे : कॅप किंचित उंच बसलीय. वरच्या-खालच्या दातांमध्ये केसाच्या जाडीइतका उंचवटा आला तरी जबड्याला तो कळतो आणि चावण्याचा सगळा भार त्या एका दाढेवर पडतो. ‘होईल सवय’ हे आमच्या धंद्यातलं मला न आवडणारं वाक्य आहे. एक-दोन दिवसांत परकेपणा जातो, हे खरं. पण आठवड्यानंतरही भाकरी चावता येत नसेल तर ती सवय होण्याची गोष्ट राहिलेली नसते, आणि झिर्कोनिया इतका कठीण की तो आपोआप झिजून बरोबर होईल ही आशाही करू नये.

तपासणी पाच मिनिटांची आहे. कॅप कापसानं कोरडी करायची, दातांमध्ये निळा पातळ कागद धरायचा आणि पेशंटला टकटक चावायला सांगायचं. मग तोच कागद ठेवून जबडा डावीकडे, उजवीकडे घासायला सांगायचा. बरेचदा खरी अडचण या आडव्या हालचालीत सापडते आणि नुसत्या टकटकीत सुटून जाते. जिथे भार जास्त पडतो तिथे मधे फिकट आणि कडेनं गडद असं बांगडीसारखं निशाण उठतं. तेवढंच घासायचं, पाणी सोडत, आणि नंतर ती जागा पॉलिश करायची. पॉलिश राहिलं तर खरखरीत झिर्कोनिया समोरचा चांगला दात खातो. तुमच्याकडून एकच : खुर्चीत आडवं पडून चावून दाखवू नका, ‘डॉक्टर, मी बसून चावते’ म्हणा. आडवं पडल्यावर जबडा थोडा मागे सरकतो आणि जेवताना आपण काही आडवे नसतो.

दुसरी तक्रार मोठी आहे. उंच कॅपमुळे दाढ दुखते, पण पू होत नाही. पू आला म्हणजे जंतू आहेत. ते कुठून आले, एवढाच प्रश्न उरतो.

एक शक्यता अशी की ते हिरडीच्या बाजूनं आले. कॅप बसवताना सिमेंटचा कण हिरडीखाली राहून गेला किंवा कॅप आणि शेजारच्या दाढेमध्ये फट राहिली आणि शेंगदाण्याचा कूट, चिवड्यातलं डाळं रोज तिथे अडकत राहिलं, तरी हिरडी सुजून पू येतो. असं असेल तर तुम्ही सुटलात. साफसफाई आणि कॅपची दुरुस्ती एवढ्यावर भागतं. डॉक्टर खुणा केलेली बारीक सळी हिरडीच्या कडेनं फिरवून आणि दोन दाढांमधून दोरा घालून हे पाहतात.

पण तुमच्या हकिकतीत मला जास्त खटकतं ते सिमेंटचं. रूट कॅनलनंतर दाढेच्या आत नळ्या असतात, गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं भरलेल्या. त्यावरचं झाकण म्हणजे ते तात्पुरतं सिमेंट. ते काही आठवड्यांपुरतंच असतं. ते निघालं की थुंकी आणि थुंकीतले जंतू हळूहळू भरलेल्या नळ्यांच्या कडेनं खाली झिरपतात. म्हणूनच भरलेल्या नळ्या बराच काळ उघड्या राहिल्या असतील तर पुष्कळ डॉक्टर कॅप घालण्याआधी आतलं सगळं काढून रूट कॅनल नव्यानं करतात. तुमच्या बाबतीत कॅपच्या आधी एक्स-रे काढला होता का, हे पत्रात नाही. विचारून घ्या. आणि हो, लग्नघरात कॅप मागे पडणं हे मी दर लग्नसराईत पाहते, त्याबद्दल स्वतःला बोल लावून घेऊ नका.

इतर शक्यताही आहेत. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, पण काही जणांना चौथी असते आणि ती सापडत नाही. पुढच्या मुळातल्या दोन नळ्या बरेचदा मधे बारीक फटीनं जोडलेल्या असतात, तिथे फाइल पोचतच नाही, फक्त धुण्याचं औषध पोचतं. आणि ज्या शक्यतेची मला सगळ्यात धास्ती वाटते ती म्हणजे मुळाला उभी चीर. ती साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. सळी सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जाते आणि एकाच ठिकाणी अचानक खोल घसरते, तेव्हा संशय येतो.

यातलं कोणतं, हे ठरवायची एक सुंदर पद्धत आहे. पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची लवचिक काडी अलगद आत सरकवतात. नळ्या भरायला वापरतात तीच ही काडी. पुवानं केलेल्या वाटेनं ती आपली आपण आत जाते. दुखत नाही, फार तर टोचल्यासारखं होतं. मग एक्स-रे काढला की काडी पांढरी दिसते आणि तिचं टोक जिथे थांबतं तिथे दुखण्याचं मूळ. पुटकुळी या दाढेखाली, पण दोषी शेजारची दाढ, असंही यात उघडकीला आलेलं आहे. म्हणून पुटकुळी सुईनं फोडू नका, दाबून रिकामी करू नका. डॉक्टरांकडे जाईपर्यंत तो तुमच्याकडचा पुरावा आहे.

त्याच गोळ्या परत? नको. गोळी रक्तातून पोचते. रूट कॅनल झालेल्या दाढेच्या आत रक्त जातच नाही, नस आणि रक्तवाहिन्या दोन्ही काढलेल्या असतात. त्यामुळे आजूबाजूच्या हाडात, हिरडीत पसरलेले जंतू गोळीनं मरतात, सूज उतरते, आणि नळीत दडलेले तसेच राहतात. महिन्याभरानं ते पुन्हा बाहेर येतात. मे महिन्यात तुम्ही हेच अनुभवलंत. ताप असेल, सूज पसरत असेल, तर अँटिबायोटिक हवंच, पण ते डॉक्टरांनी तुमची साखर आणि बाकीच्या गोळ्या पाहून लिहून दिलेलं, आणि दाढेवरच्या उपचाराच्या जोडीनं. काउंटरवरून मागून घेतलेलं नाही.

दुखण्याच्या गोळीतही जपा. दाढदुखीला लोक सर्रास आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतात. बीपीच्या कित्येक गोळ्यांचा परिणाम त्यांनी कमी होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेह आणि बीपी दोन्ही असताना तो ताण परवडणारा नाही. यकृताचा काही त्रास नसेल तर पॅरासिटामॉल ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. आणि चावता येत नाही म्हणून जेवण टाळून साखरेची गोळी घेतली, असं मात्र करू नका, साखर एकदम उतरू शकते. मऊ भात, खिमट, दुधात कुस्करलेली भाकरी, काहीही चालेल, पण पोटात हवं. आतल्या पुवानं साखर वाढते आणि वाढलेली साखर पू बरा होऊ देत नाही, म्हणून या आठवड्यात साखर तपासून तो आकडाही बरोबर न्या.

घरच्या उपायांत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चांगल्या, दिवसातून चार-पाच वेळा. गालाला बाहेरून गरम शेक नको, सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाते. लवंगेचं तेल हिरडीवर चोळू नका, भाजतं. मशेरीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण दाढ दुखली की मशेरी लाव असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. तंबाखूनं घटकाभर बधिर होतं आणि हिरडी बरी व्हायला जास्त वेळ लागतो.

आता मिस्टरांचं म्हणणं. मी म्हणेन, आधी त्याच डॉक्टरांकडे जा. भांडायला नव्हे. तुमचे डिसेंबरपासूनचे एक्स-रे त्यांच्याकडे आहेत, नळ्या किती सापडल्या हे त्यांना ठाऊक आहे, आणि सूज आल्याचं, मेडिकलमधून गोळ्या घेतल्याचं तुम्ही त्यांना अजून सांगितलेलंच नाही, असं दिसतं. रूट कॅनल नीट केलं तरी काही दाढा पुन्हा बिघडतात, चांगल्या हातांनीही. डॉक्टरची परीक्षा पुढे होते, म्हणजे पेशंट तक्रार घेऊन परत येतो तेव्हा. स्पष्ट सांगा : ‘पुटकुळी आहे, दोनदा सूज आली, नवीन एक्स-रे काढून जुन्याशी ताडून दाखवा. नळ्या किती होत्या? मुळाला चीर आहे का पाहिलंत?’ त्यांनी बघितलं, समजावलं, किंवा स्वतःहून एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, तर डॉक्टर चांगले आहेत. न बघताच पुन्हा गोळ्या लिहून दिल्या, तर एक्स-रेंच्या प्रती मागून घ्या आणि मिस्टरांचं ऐका.

खर्चाची चिंता असेल तर कराड-सांगली पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत. इतर वाचकांसाठी सांगते : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायरचं, गोव्यात बांबोळीचं. तिथल्या एंडोडॉन्टिक्स विभागात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच काम करतात. फेऱ्या जास्त पडतात, वेळ जातो, पण काम कसोशीनं होतं.

कॅपचं काय? तिला भोक पाडून आत जाता येतं, ती काढावीच लागते असं नाही. काम झाल्यावर भोक बुजवतात. मात्र झिर्कोनियाला भोक पाडताना तडा जाऊ शकतो, आणि कॅपच्या कडेनंच गळती असेल तर ती काढून नवी करणंच शहाणपणाचं. वॉरंटी कार्डावर फार भिस्त ठेवू नका. ते कार्ड कॅप फुटण्या-चिरण्यापुरतं असतं. कॅपखालची दाढ सुजली तर कॅप बनवणाऱ्या लॅबचा त्याच्याशी संबंध नसतो. डॉक्टर दुसऱ्या कॅपचे पैसे कमी करतात का, हे बोलून बघा. माणुसकीनं बरेच जण करतात.

जाऊबाईंचा सल्ला फक्त एका बाबतीत बरोबर ठरेल : मुळाला उभी चीर निघाली तर. मग ती दाढ वाचत नाही, आणि ती वाचवायला पैसे घालू नका. एरवी आधी रूट कॅनल पुन्हा करायचं, आणि ते शक्य नसेल किंवा फसलं तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापून तिथली घाण काढायची छोटी शस्त्रक्रिया असते. पहिली दाढ ही चावण्यातली कर्ती दाढ आहे. ती काढली तर त्या फटीचा खर्च, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) म्हणा की इम्प्लांट (हाडात रोवलेला दात), आत्ताच्या उपचारापेक्षा बहुतेक वेळा जास्तच येतो. काहीच बसवलं नाही तर शेजारच्या दाढा कलतात, वरची खाली उतरते.

पुन्हा रूट कॅनल झालं तर पहिले काही दिवस परत हुळहुळेल, त्यानं धास्तावू नका. या वेळी पक्कं सिमेंट आणि कॅप लांबवू नका. पुटकुळी काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, बुजायला हवी. तशी बुजली नाही किंवा बुजून परत आली तर वाट न पाहता कळवा. मुळाजवळचं काळं मात्र इतक्या लवकर जात नाही, हाड सावकाश भरतं. सहा महिन्यांनी एक आणि वर्षानं एक एक्स-रे काढा, त्याच दवाखान्यात, शक्यतो त्याच कोनातून, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील. काळं लहान होत चाललं असेल तर ठीक. वर्षानंही पूर्ण गेलं नसेल, पण घटतंय आणि त्रास नाही, तर आणखी काही वर्षं नुसती नजर ठेवतात, लगेच हात घालत नाहीत.